दाब, इंधन आणि धूर : टर्बो पिकअपच्या ‘ट्यूनिंग’चा शंभर वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #यंत्रांचा_इतिहास

१/ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) एक अहवाल तयार केला. त्यातील अंदाज असा, की आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांवरील प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली किंवा निकामी करण्यात आली. त्या वर्गातील दर शंभर गाड्यांमागे हे प्रमाण जवळपास पंधरा होते. कोणी हे इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी केले, कोणी इंधन वाचावे म्हणून, तर कोणी महागडी दुरुस्ती टळावी म्हणून.

२/ मित्रहो, ही बातमी वाटते वाहनांची, पण तिची मुळे इतिहासात खोल गेली आहेत. कारखान्यातून आलेल्या इंजिनाकडून अधिक ताकद काढण्याची कला जन्मली कशी? डिझेल पिकअप हेच तिचे माहेरघर का ठरले? आणि मालकाचा हक्क व सर्वांची हवा यांचा तंटा कोठून सुरू झाला? आज हे क्रमाने पाहू.

३/ आरंभी तत्त्व समजून घेऊ. इंजिनाची ताकद शेवटी दोनच गोष्टींवर ठरते : दर फेरीला सिलिंडरमध्ये किती हवा शिरली आणि त्या हवेत किती इंधन जळले. इंधन वाढवणे सोपे, हवा वाढवणे कठीण. साधे इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच भागवते. दुसरीकडे, इंधनातील ऊर्जेचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने एक तृतीयांश, तप्त धुरावाटे बाहेर वाया जातो. टर्बोचार्जर या दोन अडचणींची गाठ घालून देतो.

४/ त्याची रचना अशी. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. बाहेर जाणारा धूर एका चक्राला फिरवतो; दुसरे चक्र त्यामुळे फिरते आणि ताजी हवा दाबून इंजिनात भरते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरेही घेतो. ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्याने तिचे पेटंट नोंदवले, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता.

५/ कल्पना कागदावर नेटकी होती. पण त्या उष्णतेत टिकेल असा धातू आणि त्या वेगाला पुरेल असे बेअरिंग त्या काळी नव्हते. ब्युखीला वीस वर्षे झगडावे लागले. १९२५ च्या सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांवर त्याची यंत्रणा बसली. १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. इंजिन तेवढेच, ताकद मात्र सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक. पुढच्या प्रत्येक ट्यूनरला भुरळ पडली ती याच हिशेबाची.

६/ दरम्यान पहिले महायुद्ध झाले आणि प्रश्न समुद्रावरून आकाशात गेला. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे विमानाचे इंजिन धापा टाकू लागते. फ्रान्समध्ये ऑगुस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनावर टर्बो बसवून पाहिला. अमेरिकेत हे काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांच्याकडे आले. प्रयोगशाळेत विरळ हवा आणायची कोठून? मॉस यांनी प्रयोगशाळाच डोंगरावर नेली.

७/ सप्टेंबर १९१८. कोलोरॅडोतील पाइक्स पीक हे शिखर, उंची सुमारे १४,१०० फूट. बारा सिलिंडरी लिबर्टी इंजिन मालट्रकवर चढवून वर नेण्यात आले. समुद्रसपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. पर्वताने हिरावून घेतलेले सारे टर्बोने परत मिळवून दिले, वर थोडे अधिकच दिले.

८/ १९२० मध्ये अमेरिकी वैमानिक रुडॉल्फ श्रोडर याने टर्बो लावलेले विमान ३३,००० फुटांच्या वर नेले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बाँबफेकी विमाने आणि पी-४७ लढाऊ विमाने टर्बोच्या बळावर उंच उडाली. टर्बोचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर कसे करावे आणि उष्णता सोसणारे मिश्रधातू कसे घडवावेत, हे ज्ञान त्या युद्धाने वाढवले. रस्त्यावरच्या ट्रकांसाठी स्वित्झर्लंडच्या झाउरर कंपनीने १९३८ मध्येच टर्बो डिझेल आणले होते. १९५० च्या दशकात कॅटरपिलरच्या महाकाय ट्रॅक्टरांवरही टर्बो आला.

९/ आता एक लक्षणीय प्रसंग. १९५२ ची इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत. कमिन्स या डिझेल इंजिने बनवणाऱ्या कंपनीने तेथे टर्बो डिझेल गाडी उतरवली. ६.६ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आडवे निजवून बसवले होते. फ्रेड अगाबाशियन याने पात्रता फेरीत ताशी १३८.०१ मैलांचा विक्रमी सरासरी वेग गाठून सर्वांत पुढची जागा पटकावली. पेट्रोल गाड्यांच्या दुनियेत ट्रकवाल्यांचे डिझेल सर्वांच्या पुढे उभे राहिले.

१०/ शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली. कारण काय, तर टायरांच्या झिजलेल्या रबराचे कण टर्बोच्या हवा घेण्याच्या मुखात साचले आणि इंजिनाचा श्वास कोंडला. टर्बो इंजिनाचे सारे सामर्थ्य त्याच्या श्वासावर अवलंबून असते. हवा कमी पडली की तेच इंधन ताकद देण्याऐवजी धूर आणि उष्णता देऊ लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती वारंवार लागणार आहे.

११/ १९६२ मध्ये जनरल मोटर्सने ‘ओल्ड्समोबाइल जेटफायर’ ही टर्बो पेट्रोल गाडी विक्रीस आणली. तिचे इंजिन २१५ घनइंचांचे आणि ताकद २१५ अश्वशक्ती. परंतु पेट्रोलच्या इंजिनात दाब फार वाढला की मिश्रण अवेळी भडकते आणि इंजिन ‘नॉक’ करू लागते. ते टाळण्यासाठी गाडीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. मालकाला त्याची टाकी आठवणीने भरावी लागे. अनेकांना तेवढाही व्याप नको होता. पुढे कित्येक जेटफायरांवरील टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला.

१२/ डिझेलला मात्र हे बंधन नाही. त्यात आधी केवळ हवा दाबली जाते आणि इंधन ऐन वेळी फवारले जाते. मग मिश्रण अवेळी भडकणार कसे? शिवाय पेट्रोल इंजिनात हवेला अडवणारी झडप असते, तर पारंपरिक डिझेलमध्ये ताकद ठरते ती केवळ किती इंधन सोडले यावर. म्हणजे इंधनाचा पंप ज्याच्या हाती, त्याच्या हाती इंजिन. डिझेल ट्यूनिंगचा पुढचा इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

१३/ १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत काटकसरीची चर्चा सुरू झाली. १९८० च्या दशकारंभी जनरल मोटर्सने ६.२ लिटरचे आणि फोर्डने ६.९ लिटरचे डिझेल पिकअपमध्ये दिले. दोन्ही टर्बोविना होती. इंधन कमी पीत, पण चढणीवर ओझे ओढताना दमत. ही उणीव बाहेरच्या कारागिरांनी हेरली. कॅलिफोर्नियातील गेल बँक्स यांच्यासारख्या जाणकारांनी अशा इंजिनांसाठी टर्बोचे संच विकण्यास आरंभ केला. कारखान्याने न दिलेली ताकद बाजारात मिळू लागली.

१४/ खरे वळण आले १९८९ च्या मॉडेलवर्षात. डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे ‘बी’ मालिकेतील इंजिन बसवले. हे इंजिन मुळात शेतीची अवजारे, बांधकामयंत्रे आणि मालवाहू ट्रक यांसाठी घडलेले. एका रांगेत सहा सिलिंडर, कारखान्यातूनच टर्बो आणि वजन सुमारे ५०० किलो. ताकद केवळ १६० अश्वशक्ती. परंतु टॉर्क ४०० पौंड-फूट. म्हणजे वेग बेताचा, पण ओढ जबरदस्त.

१५/ या आकड्यांत एक गुपित होते. याच कुळातली इंजिने बोटींवर याहून कितीतरी अधिक ताकद देत होती. पिकअपमध्ये ती आवरून धरली होती, कारण गिअरबॉक्स, ॲक्सल आणि वॉरंटी या सर्वांना झेपेल एवढेच देणे निर्मात्याला भाग असते. म्हणजे लोखंडात दम शिल्लक होता आणि लगाम होता तो इंधनपंपावर. तरुण मालकांना हे कळण्यास फार काळ लागला नाही.

१६/ आरंभीच्या इंजिनांवर बॉश कंपनीचा ‘व्हीई’ पंप असे. त्यावर पूर्ण भाराला किती इंधन सुटावे हे ठरवणारा एक स्क्रू होता आणि तो कोणी फिरवू नये म्हणून त्यावर धातूचे कडे बसवलेले असे. लोकांनी कडे काढले आणि स्क्रू फिरवला. टर्बोचा दाब वाढेल तसे इंधन वाढवणारी एक शंक्वाकृती पिनही पंपात असते. ती किंचित वळवली की वेगळ्या उताराची बाजू पुढे येते आणि दाबाबरोबर इंधन अधिक वेगाने वाढते. साध्या अवजारांनी, अंगणात उभे राहून, तासाभरात होणारे हे काम!

१७/ १९९४ मध्ये ‘पी-७१००’ हा अधिक दणकट पंप आला. १९९६ पासून हाती गिअरच्या गाडीत कारखान्याची ताकदच २१५ अश्वशक्ती झाली. या पंपात इंधनाची कमाल मर्यादा एका छोट्या धातूच्या पट्टीच्या कडेच्या आकाराने ठरते. मालक ती पट्टी पुढे सरकवू लागले, कानशीने घासू लागले, पुढे बाजारात तयार पट्ट्याही आल्या. कानशीच्या काही फटकाऱ्यांत गाडीचा स्वभाव पालटे. म्हणूनच त्या काळातील बारा व्हॉल्व्हांची इंजिने आजही डिझेलप्रेमींमध्ये आदराने सांभाळली जातात.

१८/ पण इंजिन फुकट काही देत नाही. इंधन वाढवले आणि हवा तेवढीच राहिली, तर न जळालेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. धुराचे तापमान चढते आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळण्याचा धोका उभा राहतो. म्हणून जाणता ट्यूनर सर्वप्रथम धुराचे तापमान दाखवणारा ‘पायरोमीटर’ बसवतो. हवेसाठी मोठा टर्बो घ्यावा, तर तो जागा होण्यास वेळ लावतो. दाब वाढवला की हेड गॅस्केट तक्रार करते. ते निभावले, तर क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हार मानतो. एक कडी बळकट केली की ताण पुढच्या कडीवर जातो.

१९/ मग पंपावर संगणक आला. फोर्डच्या ७.३ लिटरच्या ‘पॉवरस्ट्रोक’ने १९९४ च्या सुमारास इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक केले, कमिन्सने १९९८ मध्ये, आणि २००१ मध्ये जनरल मोटर्सचे ‘ड्युरामॅक्स’ कॉमन रेल तंत्र, ३०० अश्वशक्ती आणि ५२० पौंड-फूट टॉर्क घेऊन उतरले. कानस आणि स्क्रू मागे पडले. प्रथम संगणकाच्या मागच्या जोडणीत खोचायच्या चिप आल्या, नंतर सेन्सरचा संदेश बदलणारे डबे आणि शेवटी गाडीच्या तपासणी-जोडणीतून संगणकाची आज्ञावलीच नव्याने लिहिणे.

२०/ ‘कस्टम’ ट्यूनिंगचा अर्थ येथे स्पष्ट होतो. संगणकात आकड्यांचे तक्ते असतात : अमुक फेरे, अमुक दाब असता इंधन किती, कोणत्या क्षणी, किती दाबाने फवारावे. तयार फाइल सर्वांना एकच अंगरखा देते. कस्टम ट्यूनर माप घेऊन शिवतो. तो गाडी डायनोवर चालवतो, नोंदी तपासतो, टर्बो आणि इंजेक्टर कोणते आहेत, गाडी ओझे ओढते की नुसती धावते, ती किती उंचीच्या प्रदेशात राहते हे पाहतो आणि मग एकेक घर बदलतो. पाइक्स पीकवर मॉस यांनी केलेल्या मोजणीचे हे वंशज होत.

२१/ आता कायद्याकडे वळू. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने वाहनांच्या धुरावर कठोर मर्यादा घातल्या. १९९० च्या दुरुस्तीने नियंत्रण यंत्रणा निकामी करणारे सुटे भाग बनवणे व विकणे हेही बेकायदा ठरवले. २००७ पासून डिझेल पिकअपांवर काजळी अडवणारी गाळणी आली. २०१० च्या नायट्रोजन ऑक्साइडविषयक मर्यादांमुळे युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणाही आली. गाळणी तुंबे, सेन्सर बिघडत, दुरुस्ती महाग पडे. त्यातूनच सारी यंत्रणा उपटून टाकून आज्ञावली बदलण्याची ‘डिलीट’ नावाची प्रथा फोफावली.

२२/ येथे रसायनशास्त्राची एक अडचण आहे आणि ती कोणाही ट्यूनरला चुकत नाही. इंधन थोडे आधी फवारले तर ताकद वाढते, काजळी घटते. पण ज्वलन अधिक तप्त होऊन हवेतील नायट्रोजनच जळू लागतो आणि नायट्रोजन ऑक्साइडे बनतात. उशिरा फवारले तर ती घटतात. पण काजळी वाढते आणि ताकद उतरते. एक विष कमी करावे तर दुसरे वाढते. दोन्हींना आवरण्यासाठीच तर ती गाळणी आणि ते युरियाचे द्रावण असते. ते काढले की हिशेब फुप्फुसांच्या खात्यावर जातो.

२३/ याच काळात काही तरुणांनी मुद्दाम काळा धूर सोडण्याचा खेळ आरंभला. त्याला ‘रोलिंग कोल’ असे नाव पडले. सायकलस्वारांवर, विजेवरच्या गाड्यांवर धुराचे लोट सोडले जाऊ लागले. २०१५ मध्ये न्यू जर्सी राज्याने त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. गंमत अशी, की कुशल ट्यूनरच्या दृष्टीने तो धूर म्हणजे वाया गेलेले इंधन, अर्थात कच्च्या कामाची खूण.

२४/ दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची आज्ञावली मालकाने उघडूच नये, हे कितपत योग्य? अमेरिकेत प्रताधिकार कायद्याने संगणकीय कुलूप तोडण्यास बंदी आहे. २०१५ मध्ये काँग्रेस लायब्ररीच्या प्रमुखांनी वाहनांचे निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर फेरबदल यांसाठी त्यातून सूट दिली. ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनाही ती हवी होती. ईपीएने या सुटीला विरोध केला होता. धूर वाढेल ही तिची भीती.

२५/ भीती अनाठायी नव्हती. आरंभी सांगितलेल्या अहवालानुसार त्या साडेपाच लाख गाड्या आपल्या आयुष्यात ५,७०,००० टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइडे आणि सुमारे ५,००० टन जादा कण हवेत सोडतील. म्हणजे रस्त्यावर नियम पाळणाऱ्या आणखी नव्वद लाख डिझेल पिकअप उतरवल्यासारखे! एकेक मालकाला स्वतःपुरता वाटलेला बदल एकत्र मोजला तेव्हा एवढा झाला.

२६/ परंतु दोष केवळ हौशी तरुणांचा होता काय? सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले, की फोक्सवॅगन कंपनीने डिझेल मोटारींत चाचणी ओळखणारी आज्ञावली दडवली होती. चाचणीत गाडी स्वच्छ, रस्त्यावर मात्र घाण. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. म्हणजे कारखान्यानेच, ग्राहकाला न सांगता, चोरून ‘ट्यूनिंग’ केले होते.

२७/ आणि मग डिसेंबर २०२३. ज्या कमिन्सच्या इंजिनाने ही सारी चळवळ उभी राहिली, त्याच कंपनीने १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याची तयारी दर्शवली. आरोप असा, की २०१३ ते २०१९ या मॉडेलवर्षांतील सुमारे ६,३०,००० रॅम पिकअपांच्या इंजिनांत नियंत्रण यंत्रणेला बगल देणारी आज्ञावली होती. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही. स्वच्छ हवा कायद्याखालील तो आजवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड ठरला.

२८/ महाराष्ट्राशी या कथेचा एक धागा जुळतो. १९६२ मध्ये पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि कोथरूडला डिझेल इंजिने बनू लागली. आज ती ‘कमिन्स इंडिया’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही. तेव्हा हा तंटा केवळ सातासमुद्रापलीकडचा नाही.

२९/ यातून मार्ग नाही असे मात्र नव्हे. कॅलिफोर्नियाचे हवा मंडळ सुट्या भागांची आणि आज्ञावल्यांची चाचणी घेते. धूर मर्यादेत राहिला तर त्यांना अनुमती-क्रमांक देते. गाळणी जागेवर ठेवून, मोजून, तपासून ताकद वाढवणारे ट्यूनर आहेत. काम अवघड आहे, खर्चिक आहे आणि डायनोवर आकडा थोडा लहान दिसतो. पण ब्युखीलाही वीस वर्षे लागलीच होती की.

३०/ ब्युखीने धुरातून वाया जाणारी ऊर्जा पकडली, मॉस यांनी ती डोंगरावर मोजून दाखवली आणि अंगणात कानस घेऊन बसलेल्या तरुणांनी ती आपलीशी केली. या तिन्ही टप्प्यांत धूर ही टाकून देण्याची वस्तू नव्हती; काम कसे झाले हे सांगणारी ती साक्ष होती. कोणी अश्वशक्तीचा आकडा अभिमानाने सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारावे : धुराचे मोजमाप घेतले होते का?

थ्रेड समाप्त. आपल्या माहितीतल्या एखाद्या जुन्या गॅरेजवाल्या काकांनी स्क्रू फिरवून इंजिन ‘जागे’ केले असेल, तर त्यांच्याकडून ती हकिगत नक्की ऐका आणि लिहून ठेवा. यंत्रांचा इतिहास बहुधा अशाच हातांत असतो.